बारा बाटल्यांचा अहवाल

नाकसाहेबांना वाइनच्या तळघरात पाठवायचं ठरलं तेव्हा ते कचेरीतला चहा पीत होते, आणि तो त्यांनी अर्धा टाकला, यावरून प्रसंग किती बाका होता ते कळावं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा चहा कधी अर्धा टाकला नव्हता. तो चहा ज्यांनी प्यायला आहे त्यांना यातली तपश्चर्या कळेल.

नाकसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात ज्येष्ठ तपासनीस होते. कुठे आग लागली, कुठे गोदामात पाणी शिरलं, की लोक भरपाईचा अर्ज करत, आणि अर्ज खरा की बनाव हे ठरवायला कंपनी नाकसाहेबांना धाडी. जळक्या दुकानात ते मधोमध उभे राहत, डोळे मिटत, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हुंगत, आणि म्हणत, "घासलेट." पुढे काही बोलायची गरजच नसे. म्हणजे मालकानेच आग लावली, अर्ज नामंजूर, चला जेवायला. कंपनीत माणसं आली, गेली, यंत्रं आली, बिघडली, पण या नाकाला कुणी आव्हान दिलं नव्हतं. घरी मात्र त्यांना कुणी विचारत नसे, पण ते काही एकट्या नाकसाहेबांच्याच घरी होतं असं नाही.

"तुमच्याशिवाय आहे कोण आपल्याकडे?" मोठे साहेब म्हणाले. मोठे साहेब नाकसाहेबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होते. मोठेपणाचा आणि वयाचा संबंध कचेरीत नसतो. "एका हॉटेलवाल्याचा अर्ज आलाय. सव्वीस वर्षं जमवलेल्या जुन्या लाल वाइन्स, तळघरात. हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात, आणि इकडे थंडाव्याचं यंत्र बंद. ऐन उन्हाळ्यात दीड महिना. आता म्हणतो, सगळी आंबली."

"मग आंबली असेल."

"अहो, वाइन जितकी जुनी तितकी चांगली म्हणतात ना? उन्हाळ्याने तिचं वय जरा वाढलं असेल, इतकंच. तुम्ही तीन दिवसांचा कोर्स करा, चव घ्या, अहवाल लिहा. तुमचं नाक म्हणजे आम्हाला कोर्टाचा निकाल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आठ महिन्यांनी रिटायर होताय ना? हे नीट झालं तर सल्लागार म्हणून ठेवून घेऊ. कोपऱ्यातली खोली देऊ."

त्या खोलीला दार होतं. नाकसाहेब एकतीस वर्षं मोठ्या हॉलमध्ये, पाण्याच्या पिंपाशेजारी बसत आले होते, आणि पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या फायलीवर चार थेंब सांडून जाई. बंद करता येईल असं दार एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी होती, आणि ही मागणी अवाजवी होती असं आम्हाला अजूनही वाटत नाही.

कोर्सला बारा जण होते. त्यातले अकरा हौसेने आले होते, त्यामुळे ते सुखी दिसत. शिकवणाऱ्या बाई बारीक, शांत आणि सावकाश बोलणाऱ्या. "घाई करू नका," त्या ग्लास फिरवत म्हणत, "तिला बोलू द्या." नाकसाहेबांनी जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. ते ग्लासाकडे खोट्या साक्षीदाराकडे बघावं तसं बघत राहिले. बाकीचे मात्र पटापटा बोलू लागले. कुणाला चामडं सापडलं, कुणाला तंबाखू, कुणाला पावसात भिजलेली माती, अळंबी, पेन्सिलीचा भुसा. एका गृहस्थाला तर जुनं ग्रंथालय सापडलं. नाकसाहेबांना काहीच सापडेना. ही सगळी श्रीमंत लोकांची थेरं आहेत असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि प्रत्येकाचं म्हणणं वहीत उतरवून घेतलं. प्यायल्यावर त्यांना सगळ्या वाइन सारख्याच आंबट लागल्या. बाई म्हणाल्या, "जुन्या चांगल्या वाइनमध्ये आंबटपणा जिवंत असतो." हेही त्यांनी लिहून घेतलं.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली. बाईंनी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. वाइन तरुण असताना कडेला जांभळी असते, वय वाढलं की विटकरी होते, पुढे तपकिरी. "पण नुसत्या रंगावर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "खराब झालेलीही तपकिरीच दिसते. तिथे नाकच कामाला येतं." हे मात्र नाकसाहेबांनी लिहून घेतलं नाही, कारण तेव्हा ते पेन्सिलीला टोक काढत होते.

घरी सराव सुरू झाला. गॅलरीत बसून त्यांनी स्वतःचा बूट नाकाला लावला, तो काही बोलेना. दुसरा लावला. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर अंगणात उभे राहून हे सगळं बघत होते, आणि ज्याला दिवसभर काही काम नाही असा माणूस गप्प राहू शकत नाही.

"तुमचं चुकतंय," ते खालून म्हणाले. "घातलेल्या बुटाला चामड्याचा वास येत नाही, पायाचा येतो. बूट कोरा पाहिजे."

कोरा बूट कुणाकडेच नव्हता, तेव्हा पोस्टमास्तर आपल्या सासऱ्यांची चामडी बॅग घेऊन वर आले. सासरे कसे होते, बॅग कशी मिळाली, मेहुण्याने ती कशी लांबवायचा प्रयत्न केला, यात तास गेला. समोरच्या मावशींनी मातीची कुंडी भिजवून पाठवली, वर निरोप, की वास घेऊन झाला की झाडाला सावलीत ठेवा. तिसऱ्या मजल्यावरून सिगारेटची थोटकं आली. ज्यांनी वाइन लांबूनही पाहिली नव्हती अशा माणसांनी इमारतीच्या जिन्यात वाइनवर जे मार्गदर्शन केलं, त्यात एक लहानसं विद्यापीठ सहज चाललं असतं. बॅग, कुंडी, थोटकं, सगळं नाकसाहेबांनी निष्ठेने हुंगलं आणि दर वेळी मान डोलावली. लोक वरपर्यंत आले आहेत म्हटल्यावर मान डोलवावीच लागते.

चौथ्या दिवशी सकाळी बायको दूध गॅसवर ठेवून मावशींकडे गेली. "लक्ष ठेवा," म्हणाली. नाकसाहेब स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून, गॅसकडे पाठ करून, जुन्या वाइनमधल्या धुराच्या सूक्ष्म गंधाविषयीचं प्रकरण वाचत बसले. प्रकरण फार सुंदर होतं. बायको जिन्यातूनच धावत आली, तिच्या मागे मावशी, मावशींच्या मागे पोस्टमास्तर. दूध आटून पातेलं काळं पडलं होतं, आणि हा वास म्हणे तळमजल्यापर्यंत पोहोचला होता. तो फक्त दोन हातांवर बसलेल्या विमा कंपनीच्या ज्येष्ठ तपासनिसापर्यंत पोहोचला नव्हता.

शेजारी गेल्यावर बायको पातेलं घासत म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"भाजी करपली तरी तुम्ही आणखी मागून घेता. त्या मोठ्या तापानंतरचं आहे हे. चार वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार?" ती म्हणाली. "तेवढं एकच तर होतं तुमच्याकडे."

डॉक्टरांनी एकेक बाटली नाकाखाली धरली. पहिली कॉफीची, दुसरी कांद्याच्या रसाची. नाकसाहेब म्हणाले, काही नाही. तिसरीलाही ते काही नाही म्हणाले, आणि डॉक्टर झाकण लावत म्हणाले, "हे घासलेट होतं." नस मेली आहे, इतक्या वर्षांनी परत जिवंत होईल असं वाटत नाही, जेवणाकडे आणि गॅसकडे मात्र लक्ष ठेवा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

नाकसाहेब दवाखान्यासमोरच्या बाकावर बसले. चार वर्षांत त्यांनी अकरा आगींमध्ये डोळे मिटून घासलेट म्हटलं होतं. आणि खोटं बोलत होते असंही नाही. त्यांना ते खरंच आल्यासारखं वाटे. वास यायला हवा असला की येतोच, त्याला नाक लागत नाही. एक शिंपीणबाई त्यांना आठवली. तिच्या दुकानात सहा यंत्रं जळून गेली होती, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "साहेब, माझ्याकडे घासलेट कधी नव्हतंच." तेव्हा ते तिला म्हणाले होते, "बाई, माणूस खोटं बोलतो, वास बोलत नाही." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की घरी येऊन त्यांनी बायकोलाही ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून ते मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब त्यांना खांद्याला धरून कोपऱ्यातल्या खोलीकडेच घेऊन गेले. तिथे सुतार दाराला पाटी लावायची जागा मोजत होता.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

"बोला ना."

नाकसाहेबांनी दाराकडे पाहिलं. सुताराने ते एकदा लावून पाहिलं आणि हॉलमधला गलका एकदम बंद झाला. "खोलीला खिडकी आहे ना?" नाकसाहेबांनी विचारलं.

आता खरं तर लगेच तळघरात जायचं, पण कंपनीचा नियम होता की तपासणीसाठी घेतलेला नमुना मूळ स्थितीत परत करावा. सोफा, शिवणयंत्र, पंखा यांच्या बाबतीत हा नियम उत्तम चालला होता. वाइनची बाटली उघडल्याशिवाय तपासता येत नाही आणि उघडली की मूळ स्थितीत राहत नाही, असं नाकसाहेबांनी कळवलं. वरून उत्तर आलं, बूच पुन्हा घट्ट बसवावं. त्यांनी कळवलं, की प्यायलेला भाग परत भरता येत नाही. उत्तर आलं, प्यायलेला भाग किती हे कळवावं. सहा पत्रं झाली. अखेर बारा बाटल्या उघडायला मंजुरी मिळाली, या अटीवर की उरलेली वाइन दोन साक्षीदारांसमक्ष ओतून टाकल्याचा दाखला जोडावा. साक्षीदार म्हणून ड्रायव्हर आणि शिपाई यांची नेमणूक झाली. या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कामासाठी स्वतःहून नाव दिलं होतं.

हॉटेलवाला थोराड, काठी टेकत चालणारा, हळू बोलणारा माणूस होता. तळघराच्या पायऱ्या तो एकेक करून उतरला आणि बाटल्यांची ओळख घरच्या माणसांची करून द्यावी तशी करून देऊ लागला. "ही माझ्या मुलीच्या जन्माच्या वर्षाची. ही हॉटेल उघडलं त्या वर्षीची. हिच्यासाठी बायकोशी भांडलो होतो." बऱ्याच बाटल्यांची बुचं अर्धा बोट वर आली होती आणि चिकट ओघळ लेबलांवर सुकले होते. त्याने पहिली बाटली उघडली आणि तोंड बाजूला वळवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वासाने की दुसऱ्या कशाने, हे विचारण्याची सोय फॉर्ममध्ये नव्हती.

नाकसाहेबांनी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. रंग अस्सल तपकिरी. घोट घेतला. आंबटपणा अगदी जिवंत, जिभेला चावेल इतका. चव जितकी टिकेल तितकी वाइन उंची, असं वहीत होतं. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं, तो अठरा सेकंद टिकला.

"गेलीये ना, साहेब?" हॉटेलवाल्याने विचारलं. "सांगा ना, गेलीये ना? मला आता आशा नको, पण निदान कळू दे."

"अहवालात येईल," नाकसाहेब म्हणाले.

मागे ड्रायव्हरने ओतण्याच्या निमित्ताने एक घोट घेतला आणि तो मोरीत थुंकला. "साहेब," तो म्हणाला, "हे प्यायचंय की याने लाद्या पुसायच्यात?" नाकसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गुपचूप दाखल्यावर सही केली. ड्रायव्हरचं मत कोणत्या रकान्यात लिहायचं हे कंपनीने कधीच ठरवलेलं नाही.

अहवाल लिहायला बसले आणि नाकसाहेबांना काय झालं कोण जाणे. एकतीस वर्षं त्यांनी 'सोफा एक, डावा हात भिजलेला' असली वाक्यं लिहिली होती. आता वही उघडली आणि त्या अकरा हौशी लोकांचे शब्द एकात एक गुंफत गेले. 'बाटली क्रमांक चार. पावसाळाभर बंद राहिलेल्या ग्रंथालयाचं दार उघडावं, आत चामडी बांधणीची पुस्तकं असावीत, आणि नुकताच कुणीतरी पाइप ओढून उठून गेलेला असावा. पुढे ओली माती, तिच्यात एक अळंबी. शेवट दीर्घ.' ते स्वतःच वाचून हरखले. बारा बाटल्यांची बारा वर्णनं झाली. शेवटी 'नुकसान' हा रकाना आला तेव्हा पेन थांबलं. 'सांगता येत नाही' असं लिहायला कुणाची मनाई नव्हती. त्यांना दार आठवलं, आणि त्यांनी लिहिलं, 'आढळले नाही.'

अर्ज नामंजूर झाला. मोठ्या साहेबांनी बाटली क्रमांक चार सभेत मोठ्याने वाचून दाखवली आणि टाळ्या पडल्या. आदर्श अहवाल म्हणून त्याच्या प्रती सगळ्या शाखांना गेल्या. नाकसाहेब कोपऱ्यातल्या खोलीत बसू लागले. दार लावल्यावर आत इतकी शांतता होई की माणसाला स्वतःचं सगळं आठवू लागे. पंधरा दिवसांत त्यांना त्या खोलीचा वीट आला. ते उठले, मोठ्या साहेबांकडे गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं: नाक नाही, चार वर्षं नाही, अहवाल मागे घ्या.

मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. "चार वर्षं म्हणता? मग या चार वर्षांतल्या आगींचं काय?"

"त्या अकराही."

"म्हणजे बारा फायली उघडायच्या. कंपनीचं तोंड काळं, तुमची चौकशी, पेन्शन अडकणार." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही आज आलाच नाहीत असं समजू. आणि हो, खोलीला पडदे कुठल्या रंगाचे हवेत ते सांगा."

माणसाने धीर एकवटून खरं बोलावं आणि त्याला पडद्यांचा रंग विचारला जावा, यासारखा अपमान नाही. नाकसाहेबांना फार राग आला. पण आत कुठेतरी हायसंही वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्यांना अधिक लाज वाटली. बायकोला म्हणाले, "मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही." ती म्हणाली, "ज्याचं नुकसान झालं त्याला सांगितलंत का?" यावर नाकसाहेबांनी वर्तमानपत्र उघडलं.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. हॉटेलवाला उभा होता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली बाटली. दोन मजले चढून आल्याने तो धापा टाकत होता. नाकसाहेबांनी त्याला आत घेऊन घाईने दार लावलं. आता हा आरडाओरडा करणार, जिना गोळा होणार. पण तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला आणि त्याने खिशातून अहवालाची प्रत काढली. घड्या पडून पडून ती मऊ झाली होती.

"भांडायला नाही आलो, साहेब," तो म्हणाला. "चूक माझीच असणार. ऑपरेशनच्या वेळी खूप औषधं झाली, त्याने माझी जीभ, नाक बिघडलं असेल. तुम्ही लिहिलंय ते मी रोज वाचतो. सव्वीस वर्षांत माझ्या बाटल्यांबद्दल कुणी इतकं चांगलं लिहिलं नाही. पण मला ते चामडं काही सापडत नाही. तेवढं दाखवा. मग मी निश्चिंत होऊन त्या गिऱ्हाइकांना देईन."

त्याने बाटली उघडली. स्वयंपाकघरातून बायको पदर नाकाला लावत बाहेर आली. "अहो, हे आंबलंय," ती म्हणाली. "घरभर वास सुटला. भाऊ, तुमचं नाक चांगलं आहे, काही बिघडलेलं नाही."

हॉटेलवाल्याने तिच्याकडे पाहिलं, मग नाकसाहेबांकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायच्या बेतात होतं. एक शब्द पुरला असता. तळघर तर गेलंच होतं, पण निदान स्वतःच्या नाकावरचा विश्वास घेऊन हा माणूस खाली उतरला असता, आणि सोमवारी गिऱ्हाइकांसमोर त्याची शोभा झाली नसती. नाकसाहेबांना हे सगळं स्पष्ट दिसत होतं, आम्ही इथे सांगतो आहोत त्याहून स्पष्ट.

"तिला यातलं कळत नाही," नाकसाहेब म्हणाले.

त्यांनी ग्लास घेतला, फिरवला, डोळे मिटले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून हुंगला. "घाई करू नका," ते म्हणाले. "तिला बोलू द्या. आधी माती येईल. तिच्या मागे बघा."

हॉटेलवाल्याने डोळे घट्ट मिटून ग्लासात नाक घातलं. वासाने त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तो तसाच हुंगत राहिला. बराच वेळ गेला. मग हळूच, शाळेत उत्तर चुकेल या भीतीने बोलावं तसा तो म्हणाला, "हो. येतंय. थोडं थोडं येतंय चामडं."

त्याने नाकसाहेबांचे दोन्ही हात हातात घेतले, बायकोलाही नमस्कार केला आणि बाटली छातीशी धरून पायऱ्या उतरू लागला. बायको आत गेली आणि तिने खिडक्या उघडल्या. नाकसाहेब गॅलरीत आले. हॉटेलवाला खाली अंगणात पोहोचला होता. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती.

पोस्टमास्तर तिथेच उभे होते. त्यांनी नाक दाबून त्या बाटलीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "काय हो," त्यांनी विचारलं, "कशी आहे?"

हॉटेलवालाही थांबला आणि मान वर करून बघू लागला.

"उत्तम," नाकसाहेब म्हणाले.